ऐपत नसलेल्यांचं कॉलेज

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

बारावीचा निकाल लागला की आमच्या गावातल्या सेतू केंद्रासमोर रांग लागते. मुलांच्या हातात रेशनकार्डाची झेरॉक्स असते, तलाठ्याचा अहवाल असतो आणि चेहऱ्यावर थोडं ओशाळलेपण असतं. उत्पन्नाचा दाखला काढायचा असतो. तो मिळाला की फीमध्ये सवलत मिळते. पण तो दाखला म्हणजे आपल्या घरात किती कमी पैसे येतात, हे सरकारी शिक्क्यानिशी चार लोकांना सांगणं.

मी स्वतः या रांगेत उभा राहिलो आहे. माझे अब्बा शिंपी होते. बाजारपेठेत एका दुकानाच्या ओट्यावर त्यांचं मशीन असे. कॉलेजात नाव घालायला गेलो, तेव्हा खिडकीतल्या कारकुनांनी माझा दाखला हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. अब्बांचं नाव, धंदा, वर्षाची कमाई, सगळं. मागे रांगेत माझ्याच वर्गातल्या मुली होत्या. त्यानंतर तीन वर्षं मी तो कागद प्रत्येक अर्जात सगळ्यात खाली लावत असे.

आज मी तुम्हाला ज्या कॉलेजबद्दल सांगणार आहे, तिथं हा कागद सगळ्यात वर लागतो. तिथं गरज सिद्ध झाली नाही, तर कितीही हुशार मुलाला प्रवेश मिळत नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ॲपलेशियन डोंगरांच्या पायथ्याशी बेरिया नावाचं छोटं गाव आहे. त्याच गावाच्या नावाचं हे बेरिया कॉलेज. विद्यार्थी सुमारे दीड हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातही याहून जास्त मुलं असतात.

अमेरिकेत अशा छोट्या महाविद्यालयांची मोठी परंपरा आहे. विद्यार्थी चार वर्षं तिथंच राहतात. साहित्य, इतिहास, गणित, विज्ञान, संगीत असं सगळं थोडं थोडं शिकतात आणि मग एखाद्या विषयात खोल जातात. डॉक्टर किंवा इंजिनिअर घडवण्याआधी विचार करणारा माणूस घडवावा, अशी त्यामागची कल्पना. कल्पना चांगली, पण महागडी. आज यांतल्या अनेक महाविद्यालयांची जाहीर फी वर्षाला ५० हजार डॉलरच्या पुढं आहे. बेरियात मात्र १८९२ सालापासून एकाही विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेतलेली नाही. आणि गंमत अशी की या कॉलेजच्या संस्थापकाचं आडनावच ‘फी’ होतं!

जॉन ग्रेग फी यांचा जन्म १८१६ सालचा, केंटकीतलाच. वडिलांकडे गुलाम होते. मुलगा धर्मशास्त्र शिकायला गेला आणि गुलामी हे पाप आहे, असं ठरवून परत आला. वडिलांनी त्याला वारशातून बेदखल केलं. पण त्याआधी मुलानं एक गोष्ट केली होती. घरातली ज्युलेट माइल्स नावाची गुलाम बाई त्यानं वडिलांकडूनच विकत घेतली आणि मुक्त केली. ही बाई पुढं ओहायो या मुक्त राज्यात राहायला गेली. पण तिची मुलं मागे गुलामीतच होती. १८५८ साली ती त्यांना सोडवायला परत आली, मुलांना घेऊन नदीकडे निघाली आणि पकडली गेली. तिला शिक्षा झाली आणि तुरुंगातच तिचा अंत झाला. बेरियाचा इतिहास वाचताना मी या बाईपाशी नेहमी थांबतो. शाळा का हवी, याचं उत्तर तिच्या गोष्टीत आहे.

फी यांना बेरियात जमीन दिली ती कॅशिअस मार्सेलस क्ले नावाच्या पुढाऱ्यानं. हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय ना? मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांचं जन्मनाव तेच. केंटकीतल्याच लुइव्हिल शहरात जन्मलेल्या अलींच्या वडिलांना या गोऱ्या पुढाऱ्याचं नाव दिलेलं होतं आणि ते मुलाकडे आलं. १९६४ साली अलींनी हे गुलामीचं नाव म्हणून टाकून दिलं. मूळचा क्ले मात्र गुलामीविरुद्ध बोलणारा होता. त्यानं वारशानं मिळालेले आपले गुलाम मुक्त केले होते. फक्त त्याला सगळं कायद्याच्या वाटेनं, सावकाश हवं होतं. फी यांना ते ताबडतोब हवं होतं. माणसानं केलेला कायदा देवाच्या कायद्याविरुद्ध असेल तर तो पाळू नये, असं ते उघड म्हणत. त्यावरून १८५६ साली दोघांचं बिनसलं आणि फी एकटे पडले.

पण १८५५ साली एका खोलीची शाळा उभी राहिली होती. रविवारी तीच खोली चर्च होई. १८५९ साली तिचं कॉलेज करायचं ठरलं आणि घटना लिहिली गेली. त्या घटनेतल्या दोन गोष्टी सांगतो. एक, कॉलेज ख्रिस्ती विचारानं चालेल आणि म्हणूनच ते पंथभेद, गुलामी आणि ‘कास्ट’ यांच्या विरोधात असेल. होय, कास्ट! हाच शब्द तिथं लिहिलेला आहे. माणसाला जन्मावरून वर-खाली बसवणं, या अर्थानं केंटकीतल्या त्या लोकांनी तो वापरला. दुसरी गोष्ट, चांगल्या चारित्र्याच्या सर्व व्यक्तींना कमीत कमी खर्चात शिक्षण मिळेल आणि त्यासाठी अंगमेहनतीच्या कामाची सोय केली जाईल.

यातला ‘सर्व’ हा शब्द बघा. कॉलेजचं प्रवेशाचं धोरण त्या एका शब्दात होतं. ज्या राज्यात कृष्णवर्णीय माणूस विकला जात होता, तिथं ‘सर्व’ लिहिणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं आणि शेजाऱ्यांनाही. त्याच वर्षी जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरी इथं गुलामीविरुद्ध सशस्त्र उठाव केला. सगळीकडे घबराट पसरली. डिसेंबरमध्ये साठेक हत्यारबंद घोडेस्वार बेरियात आले आणि दहा दिवसांत राज्य सोडा, असं बजावून गेले. राज्यपालांनी संरक्षण दिलं नाही. ऐन हिवाळ्यात बायकामुलांसह ही मंडळी गाव सोडून गेली. कॉलेज कागदावरच राहिलं.

यादवी युद्धानंतर ती परत आली. १८६६ साली शाळेत कृष्णवर्णीय मुली येऊन बसल्या, तेव्हा बरीच गोरी मुलं उठून बाहेर गेली. त्यांची मनधरणी करायची म्हणजे दार पुन्हा अर्धं लावायचं. ते केलं गेलं नाही. त्या वर्षाअखेरच्या पटावर १८७ विद्यार्थी होते. त्यांत ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे. मुलं-मुली एकत्र, काळे-गोरे एकत्र. गुलामीच्या मुलखात, युद्धाच्या जखमा ओल्या असताना हा पट भरला गेला.

१८७३ साली बेरियानं पहिल्या पदव्या दिल्या. हे साल आपल्यालाही परिचयाचं आहे. त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं आणि त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. फी आणि त्यांचे सोबती हे अशाच माणसांपैकी.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. इथून पुढं ती अवघड होते आणि मला वाटतं, आपल्या कामाची तीच आहे.

१८९२ साली विल्यम गुडेल फ्रॉस्ट हे कॉलेजचे अध्यक्ष झाले. त्यांनी डोंगरातल्या गरीब गोऱ्या माणसांकडे लक्ष वळवलं. ॲपलेशियन डोंगरांतल्या लोकांकडे ना रस्ते होते, ना शाळा. त्यांच्यासाठी उत्तरेतल्या धनिकांकडून देणग्या मिळवणं सोपं होतं. फ्रॉस्ट ते फार कौशल्यानं करत. फी बंद झाली ती याच काळात. डोंगरातली मुलं घोड्यावरून, पायी येऊ लागली. काम चांगलंच होतं. पण पटावरचं प्रमाण बदलत गेलं. गोरी मुलं खूप वाढली, कृष्णवर्णीय मुलं अल्पसंख्य झाली. म्हाताऱ्या फी यांना हे खुपत होतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. १९०१ साली ते वारले.

एका गरिबासाठी दार मोठं करताना दुसऱ्या गरिबासाठी ते नकळत लहान होऊ शकतं. कुणी नियम बदललेला नसतो. ‘सर्व’ हा शब्द जागेवरच असतो. पण माहितीपत्रक कोणत्या गावात वाटलं, देणगी कोणाचं नाव सांगून मागितली, यावरून पट बदलतो.

नंतर कायद्यानंच दार लावलं. १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळात कार्ल डे नावाच्या सदस्यानं विधेयक आणलं. काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवणं हा गुन्हा. संस्थेला १००० डॉलर दंड, शिकवणाऱ्यालाही १००० डॉलर आणि शिकणाऱ्या मुलाला दिवसाला ५० डॉलर. राज्यात असं एकत्र शिकवणारं कॉलेज एकच होतं. म्हणजे कायदा एकट्या बेरियासाठीच होता. कॉलेजनं तो मोडला, दंड झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०८ साली ७ विरुद्ध २ मतांनी निकाल बेरियाच्या विरोधात लागला. राज्यानं कॉलेजला सनद दिली आहे, तेव्हा राज्य तिच्यात बदल करू शकतं, असं बहुमतानं म्हटलं. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी भिन्न मत लिहिलं. ते स्वतः केंटकीचे, एके काळी त्यांच्याच घरी गुलाम होते. हे मान्य केलं तर उद्या काळ्या-गोऱ्या मुलांनी एका प्रार्थनाशाळेत बसणंही राज्य गुन्हा ठरवू शकेल, असा इशारा त्यांनी दिला.

कॉलेजपुढे प्रश्न होता, कोणाला ठेवायचं? गोऱ्या मुलांना ठेवलं. कृष्णवर्णीय मुलांना दुसऱ्या महाविद्यालयांत जाण्यासाठी पैशांची मदत केली आणि निधी गोळा करून त्यांच्यासाठी लिंकन इन्स्टिट्यूट नावाची वेगळी शाळा काढली. ती १९१२ साली सुरू झाली. कायद्यापुढे काय करणार, असं आपण म्हणू. पण पट आधीच झुकलेला नसता, तर हा निर्णय इतका सहज झाला असता का? हा प्रश्न मला सोडत नाही.

दार लागायच्या अगदी आधी एक विद्यार्थी तिथून पदवी घेऊन बाहेर पडला होता. कार्टर वुडसन. आई-वडील गुलामीतून सुटलेले. स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला. १९०३ साली बेरियाची पदवी मिळाली, पुढं हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली आणि १९२६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिना या इतिहासासाठी पाळला जातो, तो त्या सप्ताहाचाच विस्तार. वुडसन एक-दोन वर्षं उशिरा आले असते, तर त्यांना हे दार बंद दिसलं असतं. बंद दारावरून परत गेलेल्या किती मुलांची नावं आपल्याला कधीच कळणार नाहीत!

१९५० साली केंटकीनं तो कायदा महाविद्यालयांपुरता सैल केला आणि बेरियानं लगेच दार उघडलं. देशभरातल्या शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला तो त्यानंतर चार वर्षांनी, १९५४ साली. पण ४६ वर्षांत तुटलेला धागा जोडायला पुढं बरीच वर्षं लागली. केंटकीचीच कृष्णवर्णीय लेखिका बेल हूक्स, जी आपलं नाव इंग्रजीत मुद्दाम लहान अक्षरांत लिहीत असे, २००४ साली बेरियात शिकवायला आली आणि २०२१ साली तिथंच वारली. आपल्या डोंगरांवर तिनं लिहिलेल्या कवितांचं ‘ॲपलेशियन एलजी’ हे पुस्तक २०१२ साली आलं. ते डोंगर फक्त गोऱ्यांचे नाहीत, हे त्यातून कळतं.

आता आजचा प्रवेश कसा होतो, ते सांगतो. अमेरिकेतली काही श्रीमंत महाविद्यालयं अभिमानानं सांगतात की प्रवेश देताना आम्ही मुलाची ऐपत पाहत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण चांगल्या शाळा, शिकवण्या, परीक्षांची तयारी हे सगळं पैशानं आधीच विकत घेतलेलं असतं. त्यामुळे ऐपत न पाहताही ऐपतवाल्यांचीच मुलं जास्त आत येतात. बेरिया उलट करतं. ते ऐपत पाहतं, अगदी बारकाईनं पाहतं, आणि ज्याला ऐपत नाही त्यालाच घेतं. कुटुंबाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर अर्ज तिथंच संपतो. बहुतेक मुलं केंटकी आणि ॲपलेशियन डोंगरपट्ट्यातली घेतली जातात. थोडी परदेशातलीही असतात. अर्थात अभ्यासातली तयारीही बघतात आणि जागा कमी असल्यामुळे अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना नकारच मिळतो. गरीब असणं तिथं आवश्यक आहे, पण तेवढं पुरेसं नाही.

२०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्यावर बंधनं घातली. तेव्हापासून अनेक महाविद्यालयं उत्पन्नाच्या निकषाकडे नव्यानं पाहू लागली आहेत. बेरियाचा तोच निकष जुना आहे. पण बेरियाचाच इतिहास हेही सांगतो की नुसती गरिबी मोजून भागत नाही. कोणते गरीब आपल्यापर्यंत पोचत नाहीत, याचीही मोजदाद ठेवावी लागते.

मग पैसा कुठून येतो? १९२० साली विश्वस्तांनी एक ठराव केला. कुणी मृत्युपत्रात अमुकच कामासाठी असं न लिहिता देणगी ठेवली, तर ती खर्च करायची नाही, कायम निधीत टाकायची. वापरायचं ते त्याचं उत्पन्न. शंभर वर्षं हा नियम पाळला. आज तो निधी एक अब्ज डॉलरच्या वर आहे आणि कॉलेजचा बहुतेक खर्च त्यातून निघतो. २०१७ साली श्रीमंत महाविद्यालयांच्या निधीवर कर बसला, तेव्हा बेरियाही त्यात सापडलं. मग २०१८ साली दुरुस्ती झाली. कर लागण्यासाठी मोजायचे विद्यार्थी हे फी भरणारे असले पाहिजेत. बेरियात फी भरणारा कुणी नाहीच, त्यामुळे ते सुटलं.

दुसरा आधार कामाचा. प्रत्येक विद्यार्थ्यानं आठवड्याला किमान दहा तास कॉलेजचं काम करायचं. शेती, सुतारकाम, विणकाम, झाडू बनवणं, ग्रंथालय, संगणक, कॉलेजचं स्वतःचं हॉटेल. कामाचा मोबदला मिळतो आणि अभ्यासासारखं कामाचंही मूल्यमापन होतं.

तुम्ही म्हणाल, ही तर आपली ‘कमवा व शिका’! बरोबर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राबली, एका पंगतीत जेवली. वहिनींचे, म्हणजे लक्ष्मीबाईंचे दागिने मुलांच्या पोटासाठी मोडले गेले. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच तत्त्वावर. मीही माझ्या कॉलेजात या योजनेत होतो. सकाळी बागेला पाणी घालायचं, दुपारी ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं शिवायची. शिंप्याचा मुलगा, दोरा-सुई हातात बसलेली होती. ती पुस्तकं शिवता शिवता वाचली, म्हणून मी आज कवी आहे.

पण एक फरक सांगायला हवा. आमच्याकडे काम करणारी मुलं वीस आणि पाहणारी हजार. आम्ही झारी घेऊन निघालो की बाकीचे क्रिकेट खेळत. त्यामुळे झारी ही गरिबीची खूण झाली. कर्मवीरांच्या वसतिगृहात तसं नव्हतं, कारण तिथं सगळेच राबत. बेरियातही सगळेच राबतात. सगळेच राबतात तेव्हा काम ही खूण उरत नाही, ती नुसती वेळापत्रकातली एक तासिका होते.

गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीतली एक मुलगी अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे आली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. कागद लावताना तिनं उत्पन्नाचा दाखला हळूच सगळ्यात खाली सरकवला. मी तिला बेरियाची गोष्ट सांगितली. ती सगळं ऐकून म्हणाली, “काका, पण दहा तास काम करून अभ्यास होतो का?” मी म्हटलं, “तू आत्ता घरी किती तास काम करतेस?” तिनं बोटं मोजली आणि हसली. दहाच्या कितीतरी पुढं गेली होती.

मग तिनं विचारलं, “आपल्याकडे असं कॉलेज आहे का?” मी तिला कर्मवीरांचं सांगितलं, शाहू महाराजांनी कोल्हापुरात काढलेल्या वसतिगृहांचं सांगितलं. १९०६ साली तिथं मुसलमान मुलांसाठीही बोर्डिंग निघालं, हेही सांगितलं. या सगळ्यांनी आधी विचारलं होतं, कोण बाहेर राहिलंय? आणि मग दार केलं होतं. आज आपली प्रवेशपत्रकं छापताना हा प्रश्न कोण विचारतं? कॉलेजच्या फाटकावर काय लिहिलंय ते मी हल्ली वाचत नाही. प्रवेशाचा नियम वाचतो आणि त्यानंतर पट बघतो. कॉलेज कुणासाठी आहे, ते तिथंच लिहिलेलं असतं.

त्या मुलीचा अर्ज आम्ही यादीप्रमाणे लावला. दाखल्याचा क्रमांक यादीत तिसरा होता. तिनं तो तिसराच लावला आणि खिडकीवर द्यायला निघून गेली.